नाकारण्याचं कारण

डुलूथ. मार्च सरत आलाय,
सुपीरियर सरोवरावर बर्फाचा पापुद्रा मात्र तसाच.
तो चिरत हंगामाचं पहिलं जहाज
लोहखनिज न्यायला बंदरात शिरतं,
भोंगा देतं, पूल उचलला जातो.
एरवी लोक हे बघायला काठावर गर्दी करतात.
हॉस्पिटलच्या तळघरात वेर्ना लाहती
भोंगा ऐकते, मान वर करत नाही.

तिच्यापुढे तपकिरी कागदी पिशव्या.
पिशवीत एकेक मास्क,
मास्कवर शाईने नाव, मजला, आणि रेघा.
एक रेघ म्हणजे एकदा इथून जाऊन आलेला.
चार उभ्या, पाचवी आडवी,
कैदी भिंतीवर दिवस मोजतात तशा.

'एकदाच वापरा', खोक्यावर अजून छापलेलं आहे.
त्या खोक्यात ती आता पेनं ठेवते.

वरची माणसं तिनं पाहिलेली नाहीत.
लिफ्ट वेगळी, जिना बंद, जेवणाच्या वेळाही वेगळ्या.
पण नाकावरच्या पत्र्याच्या पट्टीवरून ती ओळखते:
डॉक्टर स्कोगलुंडची पट्टी डावीकडे वाकडी,
कधीकाळी हॉकीत मोडलेलं असणार नाक.
होदान वारसामे नाव दोन ठिकाणी लिहिते,
एक पुसलं तर दुसरं असावं म्हणून.
कुणाचे पट्टे इतके सैल
की हाताला गुंडाळले तर
मेलेल्या गांडुळासारखे लोंबतात.
ते बाजूला. त्यांना वाफ काही करू शकत नाही.

दुसऱ्याच्या तोंडचं, श्वास लागलेलं,
यासाठी वेर्नाच्या भाषेत शब्द नाही.
माझ्या भाषेत आहे: उष्टं.
आमच्याकडे त्या एका शब्दापायी
माणसांनी माणसांना ओसरीवर बसवलं,
पाणी वरून ओतलं.
आणि ही बाई रात्रभर
चारशे जणांचं उष्टं
तारेवर एकेक टांगते आहे,
एकाचा दुसऱ्याला स्पर्श होणार नाही इतक्या अंतरावर,
उद्या ज्याचं त्याला परत मिळावं म्हणून.

दार बंद. कडेनं चिकटपट्टी.
आत वाफ सोडली की
खोली कुणाचीच नसते काही तास.
काचेतून दिसतात नुसते पांढरे पेले,
आणि कोपऱ्यातला कागदाचा तुकडा,
ज्याचा रंग बदलेपर्यंत
थांबायचं असतं.

एप्रिलात एके रात्री, टांगण्याआधी,
एका मास्कच्या आत लाल.
एल. ब्यूलिउ, चौथा मजला, तीन रेघा.
वेर्ना दिव्याखाली धरते.
रक्त नाही. रक्त वाळून तपकिरी होतं.
हे लालच राहिलंय, आणि त्यात बारीक उभ्या भेगा आहेत.

नियम सोपा: पावडर, लिपस्टिक, काहीही लागलं
की केराच्या डब्यात.
वर एकेक मास्क आठवडाभर पुरवतात,
आणि ही बया!
पुढे काच, काचेमागे हा मास्क,
मास्कमागे कोण बघणार होतं?
नळीवरचा पेशंट?
त्याचे तर डोळेसुद्धा टेप लावून मिटलेले.

ती डबा उघडते, टाकते.
झाकण पडतं.
मग तक्ता:
फाटका. ओला. पट्टा तुटला. डाग.
तिचं पेन 'डाग'वर टेकतं आणि तिथंच थांबतं.
शेवटी रिकाम्या चौकोनात ती लिहिते: लाल.

सकाळी गॉर्डन ट्रास्क कागद वाचतो, लांबूनच.
"रक्त?"
"नाही."
"मग काय?"
वेर्ना हातमोजे उलटे करत काढते,
आधी डावा, मग त्यात गुंडाळून उजवा.
"ओठ," ती म्हणते.
ट्रास्क काहीतरी लिहितो. काय, ते तिला दिसत नाही.

दोन दिवसांनी एल. ब्यूलिउची नवी पिशवी येते.
कोरा मास्क, एकही रेघ नाही,
पट्टी तशीच मधोमध चिमटलेली.
वेर्ना आत बघते. पुन्हा एकदा बघते.
नुसतं पांढरं.

बाहेर कुठलंसं जहाज भरून परत निघालंय,
भोंगा जड येतो.
ती पेनाचं टोपण काढते
आणि पहिली रेघ ओढते,
जरा हलक्या हातानं.